जुन्या तबकडीचा खरा वेग: लेबल, स्ट्रोब की पेटी?

घरातल्या जुन्या तबकड्या संगणकावर उतरवून घ्यायच्या ठरल्या की पहिली अडचण वेगाची येते. ‘अठ्ठ्याहत्तरची तबकडी’ हे नाव पुढे रूढ झाले. आरंभीच्या काळात मुद्रणयंत्र वजनाच्या ओढीवर फिरत असे आणि त्याचा वेग मुद्रण करणारा तंत्रज्ञ बसवत असे. त्यामुळे मिनिटाला सत्तर फेऱ्यांपासून ऐंशीच्या पुढेपर्यंतचे वेग सापडतात. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली, तर पेटीवरच्या काळी एक या पट्टीत गाणारा गायक जवळजवळ अर्धा सूर वर, पांढरी दोनमध्ये जाऊन बसतो आणि त्याच्या ताना खोट्या चपळ वाटू लागतात.

वेग ठरवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे लेबल पाहणे. काही कंपन्यांचा वेग ठरलेला असे: कोलंबियाच्या अनेक तबकड्यांवर ८० छापलेले दिसते आणि एडिसनच्या जाड ‘डायमंड डिस्क’ही ८० वरच वाजवायच्या असतात. मात्र छापील आकडा ही शिफारस असते, मोजमाप नव्हे. सुरुवात करण्यापुरता तो घ्यावा.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची स्ट्रोब चकती अनेकांना अंतिम उत्तर वाटते. ती फिरत्या यंत्रावर ठेवून विजेच्या दिव्याखाली पाहायची; दिवा विजेच्या तालात लुकलुकतो, म्हणून ठरावीक वेगाला पट्टे जागच्या जागी थांबल्यासारखे दिसतात. ती आपले यंत्र किती फेरे घेते एवढेच सांगते, तबकडी कोणत्या वेगाने मुद्रित झाली हे सांगत नाही. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ पट्टे स्थिर दिसले तर वेग ७७.९२ असतो. अमेरिकेतून मागवलेल्या चकतीवर ६० हर्ट्झसाठीचे ९२ पट्टे असतात. ते आपल्या दिव्याखाली स्थिर केले, तर यंत्र अवघे ६५ फेरे घेत असते आणि ऐकणारा गायकाला दोष देतो. चांगल्या प्रतीचा एलईडी दिवा लुकलुकत नसल्यामुळे त्याच्या उजेडात पट्टे दिसतच नाहीत, आणि चावीच्या यंत्रावर पिन टेकवूनच मोजावे लागते, कारण पिनेच्या भाराने वेग उतरतो. थोडक्यात, स्ट्रोबशिवाय पुढचे काहीच करता येत नाही, परंतु तिच्यावर थांबताही येत नाही.

नाट्यपदे आणि ख्याल यांच्यासाठी माझा कौल साथीच्या पेटीला आहे. पाश्चात्य संगीतात रचनेचा मूळ स्वर लिहिलेला असतो. आपल्याकडे प्रत्येक गायकाची पट्टी वेगळी, म्हणून ‘या रागाचा षड्ज अमुक’ असे म्हणता येत नाही. पेटीचे सूर मात्र ठरलेल्या जागीच असतात, आणि साथीचा षड्ज कुठल्या तरी काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर पडलाच पाहिजे. समजा, ७८.२६ वेगाने वाजवताना षड्ज १४४ हर्ट्झ भरला. पांढरी सहा ४४० हर्ट्झ धरणाऱ्या मापाने काळी एक १३८.६ आणि पांढरी दोन १४६.८, म्हणजे खरा वेग ७५.३ तरी असावा किंवा ७९.८ तरी. येथे कान कामी येतो: आवाजाचा पोत, तबल्याच्या बायाची घुमार, आणि कित्येक जुन्या तबकड्यांच्या शेवटी गायक स्वतःचे नाव सांगतो ते बोलणे. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहरजानने इंग्रजीत सांगितलेले नाव प्रसिद्धच आहे. तबकड्या हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या लोकांना गायक ओळखता यावा, ही त्यामागची सोय होती. गाताना आवाज कितीही चढतो, पण बोलण्याचा सूर फार फसवत नाही.

या पद्धतीतली खोच अशी, की पेटीच ४४० ची असेल याची खात्री नसते. फ्रान्समध्ये १८५९ पासून ४३५ हे माप होते, तर इंग्लंडमध्ये ४५२ च्या आसपासचे उंच मापही चालत असे. वरच्याच उदाहरणात काळी एक धरली, तर ४३५ च्या पेटीने उत्तर ७४.५ येते आणि ४५२ च्या पेटीने ७७.४. म्हणून एका बाजूवर निर्णय घेऊ नये. लेबलाजवळच्या मोकळ्या कड्यात कोरलेला मुद्रण क्रमांक पाहावा आणि लागोपाठच्या क्रमांकांच्या चार-पाच बाजू एकत्र मोजाव्यात; एकाच बैठकीतली पेटी आणि यंत्र सहसा बदलत नाही, त्यामुळे सगळ्यांना एकदम लागू पडणारा वेग निवडता येतो. एखादीच बाजू फटकून राहिली, तर तिचा वेग वेगळा समजावा.

१९२५ नंतर आलेल्या विद्युत मुद्रणात कधी कधी विजेची घरघर उतरलेली असते. तिचे हर्ट्झ ठरलेले असल्याने तिच्यावरून वेग काढता येतो. पण सामग्री बॅटरीवर चाललेली असेल तर घरघरही नसते.

तेव्हा तबकड्या १९३० नंतरच्या असतील, तर यंत्र स्ट्रोबने ७८ वर लावावे आणि पट्टी उघड विचित्र वाटली तरच पेटीकडे वळावे. त्याआधीच्या असतील, तर पेटीचा खटाटोप टाळू नये. दोन्ही वेळी मूळ उतारा ज्या वेगाने घेतला तसाच जपून ठेवावा आणि दुरुस्ती प्रतीवर करावी, तीही लय आणि सूर एकत्र बदलणाऱ्या सोयीने. नुसता सूर खाली आणला तर ताना होत्या तितक्याच घाईत राहतात.