स्ट्रीट व्ह्यूमधल्या जुन्या तारखा तीन आठवडे वापरून बघितल्या, त्याचा रिव्ह्यू

सुरुवात भांडणापासून झाली. शाळेच्या ग्रुपवर एकाने फोटो टाकला, जुन्या कोपऱ्यावर काचेचं काहीतरी नवीन उघडलंय, बाहेर कुंड्या, आत पिवळे दिवे, आणि खाली लिहिलं "एरिया एकदम सुधारला राव". दुसरा म्हणाला सुधारला कसला, तिथला टेलर गेला. तिसरा म्हणाला टेलर तर कोविडच्या आधीच गेलाय, उगाच रडू नका. मग टेलर नक्की कधी गेला यावर रात्री साडेअकरापर्यंत मेसेज, आणि त्यातले निम्मे अशा लोकांचे ज्यांनी तिथे आयुष्यात कधी एक बटणही लावून घेतलं नसेल. मी वैतागून गूगल मॅप उघडलं, स्ट्रीट व्ह्यूमध्ये गेलो (गूगलची कॅमेऱ्यावाली गाडी रस्त्यावरून फिरून फोटो काढते ते), तारीख मागे नेली, २०२२ च्या फोटोत शटर वर, दारात माणूस उभा. कोविडवाला हरला (कबूल करणार नाही तो, त्याने फक्त अंगठा दिला). भांडण मिटलं पण मी मात्र त्यात अडकलो ते अडकलोच.

तर हा रिव्ह्यू त्या जुन्या तारखांच्या फीचरचा. बऱ्याच लोकांना ते आहे हेच माहीत नसतं म्हणून आधी सांगतो. कॉम्प्युटरवर मॅपमध्ये तो छोटा पिवळा माणूस उचलून रस्त्यावर सोडायचा, जिथे निळी रेघ दिसते तिथे गाडी फिरलेली असते, मग वरच्या कोपऱ्यात महिना आणि वर्ष दिसतं, तिथे आणखी तारखांचा ऑप्शन असतो, तो दाबला की त्याच जागेचे आधीचे फोटो ओळीने येतात. फोनवर फोटोला टच केलं की ऑप्शन दिसतो. स्ट्रीट व्ह्यू सुरू झालं मे २००७ मध्ये, तेव्हा फक्त अमेरिकेतली पाच शहरं होती, आणि मागच्या तारखा बघायची सोय आली एप्रिल २०१४ मध्ये. फोनवर यायला २०२२ उजाडलं. तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं तर त्यात तुमची फार चूक नाही.

आता आपल्याकडचं स्पष्ट सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी शिव्या घालायला नको. भारतात २०११ मध्ये बंगळुरूत गाड्या फिरायला लागल्या आणि पोलिसांनी थांबवल्या, त्यानंतर परवानगीचं घोंगडं भिजत पडलं ते थेट जुलै २०२२ पर्यंत, तेव्हा जेनेसिस आणि टेक महिंद्रा या कंपन्यांच्या मदतीने दहा शहरांत सुरू झालं. त्यात मुंबई, पुणे, नाशिक होती. म्हणजे भारतात "जुनं" म्हणजे फार तर २०२२ च्या आसपासचं. आमच्या कोपऱ्याच्या दोनच तारखा मिळाल्या. त्याआधीचं बघायचं तर गूगल अर्थमधले सॅटेलाइटचे जुने फोटो आहेत, पण त्यात छतं दिसतात, दुकानाची पाटी नाही. पत्रा जाऊन स्लॅब आला एवढं कळतं. ज्यांना लांबचं बघायचंय त्यांच्यासाठी गूगल अर्थमध्येच टाइमलॅप्स आहे, सॅटेलाइटचे वर्षावर्षाचे फोटो जोडून केलेली फिल्म, ते १९८४ पासून सुरू होतं, पण त्यात गल्ली सोडा, आख्खा वॉर्ड अंगठ्याएवढा.

म्हणून फीचरची खरी टेस्ट घ्यायची तर अशा ठिकाणी जायला पाहिजे जिथे पंधरा-सोळा वर्षांचे फोटो आहेत आणि वस्तीही बदललीय. मी निवडली पूर्व लंडनमधली ब्रिक लेन, एक जुना रस्ता. का, तर हा "एरिया सुधारणे" प्रकार, ज्याला इंग्रजीत जेंट्रिफिकेशन म्हणतात, तो शब्दच मुळात लंडनमधला. रूथ ग्लास नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्ये तो वापरला, कामगारांच्या वस्त्यांमधली जुनी घरं पैसेवाले घेतात, दुरुस्त करतात, मग भाडी वाढतात आणि मूळ माणूस निघून जातो, यासाठी. जेंट्री म्हणजे तिकडचे जमीनदार घराण्यातले लोक. मराठीत याला अजून चपखल शब्द नाही असं मला वाटायचं, पण आहे की, दोन आहेत. घर विकणारा म्हणतो "एरिया सुधारला" आणि भाडेकरू म्हणतो "एरिया गेला".

ब्रिक लेनवर एक बिल्डिंग आहे, १७४३ ला फ्रेंच प्रोटेस्टंट निर्वासितांचं चर्च म्हणून बांधलेली, नंतर मेथडिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाकडे गेली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ज्यूंचं सिनेगॉग म्हणजे प्रार्थनास्थळ झाली आणि १९७६ पासून मशीद आहे. तीन वेळा माणसं बदलली, विटा त्याच. तिच्याशेजारी स्टीलचा उंच मिनार आहे तो २००९ च्या शेवटी उभा राहिला, आणि गाडीच्या लंडनमधल्या सगळ्यात जुन्या फेऱ्या २००८ च्या, म्हणजे तुम्हाला तिथे २००८ ची तारीख मिळाली तर मिनार दिसणार नाही. अशी खूण मिळाली की तारखांवर विश्वास बसतो. तिथून उत्तरेला जात राहायचं, जुनी ट्रूमन ब्रुअरी लागते, बियरचा कारखाना, १९८०च्या दशकाच्या शेवटी बंद पडला आणि आता तिथे बाजार, स्टुडिओ, ऑफिसं. वरच्या टोकाला शोरडिच हाय स्ट्रीट स्टेशन, एप्रिल २०१० मध्ये सुरू झालेलं. स्टेशनच्या आधी आणि नंतर अशा दोन तारखा धरून आसपासच्या गल्ल्या चाळल्या तर तुम्हालाच कळेल मी काय म्हणतोय, मी सांगून मजा घालवत नाही.

एक गोष्ट मात्र सांगतोच. हा सगळा भाग शिवणकामाचा, आधी रेशीम विणणारे, मग ज्यू शिंपी, मग बांगलादेशातून आलेले कपडे शिवणारे. आणि त्याच भागात, स्पिटलफील्ड्सला, ऑलसेंट्स नावाच्या कपड्यांच्या ब्रँडचं ऑफिस आहे, त्यांच्या दुकानांच्या काचेत काय असतं माहितीये? जुनी शिवणयंत्रं. रांगाच्या रांगा, छतापर्यंत. शोभेला. मला ते दिसायला आवडलं हे कबूल करतो, आणि मग आवडलं याचं जरा कसंतरीच वाटलं.

फोटो वाचायची पण सवय लागते. पहिल्या आठवड्यात मी फक्त पाट्या बघत होतो, ते चुकीचं आहे, पाटी सगळ्यात शेवटी बदलते. आधी परांची लागते. मग रंग, आणि रंग बहुतेक वेळा तो गडद करडा, जगात कुठेही जा, तोच करडा. दुकानाच्या काचेला आतून ब्राउन पेपर लागला की समजायचं करार झाला. दारावरच्या बेल मोजा, सहा होत्या आणि आता एकच आहे म्हणजे सहा बिऱ्हाडांच्या जागी एक घर झालंय. उलटंही होतं, एकाच्या बारा झाल्या म्हणजे खोल्या पाडून भाड्याने दिल्या. बसायचा कट्टा गेला आणि त्या जागी कुंडी आली हे तर इतक्या वेळा दिसलं की मी मोजायचं सोडून दिलं. कुंडीवर कोणाला बसता येत नाही, तीच तर सोय.

हे मी उगाच टाइमपास म्हणून म्हणत नाहीये, अभ्यासकांनी पण हेच केलंय. शिकागोमध्ये जॅकलिन ह्वांग आणि रॉबर्ट सॅम्पसन या दोघांनी स्ट्रीट व्ह्यूचे फोटो बघून नवं बांधकाम, रंगरंगोटी, पडझड असं सगळं नोंदवलं, २०१४ मध्ये छापलं, आणि निघालं काय तर जिथे काळ्या लोकांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होतं तिथे हे "सुधारणं" मंदावतं. म्हणजे पैसा पण रंग बघून गल्लीत शिरतो. दुसरा अभ्यास २०१७ चा, त्यात अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक, आपले नाशिकचे रमेश रासकर पण होते (नाव वाचून मी उगाच खूश झालो), पाच अमेरिकन शहरांतल्या २००७ आणि २०१४ च्या १६ लाख फोटोजोड्या कॉम्प्युटरकडून तपासून घेतल्या. ज्या वस्त्यांत शिकलेले लोक जास्त, ज्या शहराच्या मध्याजवळ आणि ज्या आधीपासूनच दिसायला बऱ्या, त्या आणखी चांगल्या दिसायला लागल्या. थोडक्यात ज्याचं बरं चाललंय त्याचंच आणखी बरं.

आता उणी बाजू, आणि ती बरीच आहे.

एक तर गाडी कधी येईल याचा काही नेम नाही, मोठ्या रस्त्यावर दहा तारखा आणि आतल्या बोळात एक किंवा शून्य. आणि बदल तर बोळातच आधी होतो, कारण भाडं तिथे स्वस्त. जर्मनीचं उदाहरण सगळ्यात भारी. तिथे २०१० मध्ये स्ट्रीट व्ह्यू आलं तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कुटुंबांनी आमचं घर धूसर करा म्हणून अर्ज केले, मग गूगलने नवे फोटो टाकणंच सोडून दिलं आणि नवीन फोटो आले थेट २०२३ मध्ये. म्हणजे बर्लिनच्या क्रॉइझबर्ग या वस्तीत तुम्ही तारीख मागे न्यायला जाल तर मधलं सगळं गायब, आणि भाडी वाढली ती नेमकी मधल्याच वर्षांत. बाय द वे त्याच क्रॉइझबर्गमध्ये गूगल स्वतःचं कॅम्पस, म्हणजे नव्या कंपन्यांसाठीची जागा, काढणार होतं, लोकांनी भाडी वाढतील म्हणून आंदोलन केलं आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये गूगलने ती जागा सामाजिक संस्थांना वापरायला दिली. ज्याच्या कॅमेऱ्यातून आपण वस्ती बदलताना बघतोय त्यालाच एका वस्तीने नको म्हटलं, हे मला फारच आवडलं.

दुसरं म्हणजे कॅमेऱ्याची उंची. तो गाडीच्या टपावर असतो, माणसाच्या डोळ्यांच्या वर, त्यामुळे कंपाउंडच्या आतलं दिसतं पण फुटपाथवर काय पसरून ठेवलंय ते नीट दिसत नाही. जपानमध्ये लोकांनी तक्रार केली म्हणून २००९ मध्ये कॅमेरा ४० सेंटीमीटर खाली घेऊन शहरं परत शूट केली होती. आणि सगळं दिवसाउजेडी. माझ्या मते वस्ती बदलली की नाही हे रात्री नऊ वाजता कळतं, ओट्यावर कोण बसतं, कुठला दिवा चालू असतो, कोण कोणाला हाक मारतं. आवाज तर नाहीच.

तिसरं, भाडं दिसत नाही. करार कोणी मोडला, कोर्टात कोण गेलं, कोणाला पैसे मिळाले, कोणाचा मुलगा लांब राहायला गेला म्हणून म्हातारा स्वतःच निघून गेला, काही म्हणजे काही दिसत नाही. दिसतं ते शटर. आमच्या टेलरचंच घ्या, भांडणात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की त्याला हाकललं, मी पण. नंतर एकाने त्याच्या भाच्याला विचारलं तर म्हणे डोळ्यांचं ऑपरेशन झालं, सुईत दोरा जाईना. आता यात नव्या काचेचा दोष किती आणि मोतीबिंदूचा किती. आणि दुसरी बाजू पण आहे, त्या कोपऱ्यावर पूर्वी दिवा नव्हता, फुटपाथच्या फरश्या उचकटलेल्या असायच्या, माझी आई तिथून जायची नाही. आता जाते. २०२२ चा फोटो बघून हळहळणाऱ्यांनी त्यातला फुटपाथ पण बघावा जरा.

वापरायचं असेल तर दोन गोष्टी. तारखेसकट लिंक किंवा स्क्रीनशॉट लगेच सेव्ह करा, कारण कोणी घर धूसर करायचा अर्ज केला तर ते कायमचं होतं, परत उघडत नाही. आणि निळे ठिपके दिसतात ते लोकांनी स्वतः टाकलेले फोटो असतात, ते गाडीचे समजू नका, तारखांचा घोळ होतो. साखळी दुकानांच्या पाट्यांवरून निष्कर्ष काढू नका हे पण सांगतो, मी काढला आणि तोंडघशी पडलो.

स्टार द्यायचे तर पाचातले तीन. भांडण मिटवायला पाच, गल्ली समजून घ्यायला दोन, म्हणजे सरासरी साडेतीन, आणि भारतासाठी अर्धा कापला कारण अजून तारखाच नाहीत, पाच-सहा वर्षांनी परत विचारा.

एक राहिलं. त्या कोपऱ्यावर नव्या तारखेच्या फोटोत उभं राहून बाण दाबून एक पाऊल मागे गेलं की कधीकधी फोटो आपोआप जुन्या फेरीचा येतो, कारण नवी गाडी तिथवर वळलेली नसते. आमच्याकडे तसंच आहे. पुढे काच आणि कुंड्या, एक क्लिक मागे आणि शटर वर. दारात तो उभा आहे, चेहरा धूसर केलेला, नियमच आहे तो. गळ्यातली पिवळी टेप मात्र धूसर केलेली नाही, झूम केलं की त्यावरचे आकडे पण वाचता येतील असं वाटतं.