शेवटचा शब्द कुणाचा? कॅथलिक आणि प्रोटेस्टंट भूमिका शेजारी ठेवून

प्रोटेस्टंट घरात वाढून कॅथलिक व्हावं का, असा विचार करणाऱ्याला हमखास ऐकवलं जातं, "आपण बायबल मानतो, ते परंपरा मानतात." यावर निर्णय घेऊ नका. बायबल दोघांनाही देवाचं वचन आहे आणि निकेयाचा मतांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेचं प्राचीन निवेदन) बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्याही, म्हणजे चर्चही, मानतात. फरक कळतो तो अर्थावरून वाद पेटल्यावर.

१५२१ मध्ये जर्मनीतल्या वर्म्स इथल्या राजसभेपुढं, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरनं सांगितलं, की पोप आणि चर्चच्या परिषदा चुकलेल्या आहेत. त्याचं म्हणणं होतं, "मला शास्त्रवचनानं किंवा स्पष्ट तर्कानं पटवा." म्हणजे परंपरेला मान आहे, पण तिचा निवाडा बायबल करतं. पाळक चुकतोय असं वाटलं, तर बायबल उघडून त्याला जाब विचारता येतो. मात्र दोन प्रामाणिक वाचकांना दोन अर्थ लागले की निकाल द्यायला कुणी उरत नाही, आणि मग मंडळ्या फुटतात.

कॅथलिक मांडणीत प्रेषितांकडून आलेला ठेवा एकच, तो लिखित वचनातून आणि जिवंत परंपरेतून पोचतो. त्याचा अधिकृत अर्थ पोप आणि त्यांच्याशी एकरूप असलेले बिशप सांगतात. १९६५ च्या 'देई व्हेर्बुम' या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजानुसार हा अधिकार वचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेत आहे. शिवाय पोपचं प्रत्येक बोलणं अचूक मानलं जात नाही. ते कधी अचूक मानायचं, याच्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेत १८७० मध्ये ठरलेल्या अटी बऱ्याच कडक आहेत. (पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या परंपरा मानतात, पण पोपचा हा अधिकार मानत नाहीत.)

मला कॅथलिकांचा सर्वांत बळकट मुद्दा ग्रंथांच्या यादीचा वाटतो. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंट बायबलात ६६. कुठली पुस्तकं घ्यायची, ही यादी बायबलात नाहीच! प्रोटेस्टंट उत्तर असं, की मंडळीनं ग्रंथ ओळखले, त्यांना अधिकार दिला नाही. उत्तर टाकाऊ नाही, पण ओळखणाऱ्यांवर भरवसा ठेवावा लागतोच.

उलट बाजूचा बळकट मुद्दा १९५० चा. मरियेला सदेह स्वर्गात घेतलं गेलं, हा सिद्धांत पोप बारावे पायस यांनी त्या वर्षी घोषित केला. बायबलात त्याचं थेट वर्णन नाही. तुम्हाला पारखायचंच असेल, तर इथं पारखा. कारण कॅथलिक सभेत, म्हणजे चर्चमध्ये, येताना, सभा जे देवानं प्रकट केलेलं म्हणून शिकवते ते सगळं मी मानतो, असं जाहीरपणे म्हणावं लागतं. त्यातून निवडून घेण्याची सोय नाही.