डुलुथ की फार्गो? एक शहर काठावर, एक तळाशी

अमेरिकेच्या वरच्या मिडवेस्टात नोकरी किंवा प्रवेश मिळाला की गाडी बऱ्याचदा या दोन नावांवर येऊन थांबते: लेक सुपिरियर या विशाल तळ्याकाठचं मिनेसोटातलं डुलुथ आणि नॉर्थ डकोटातलं फार्गो. दोन्हीकडे विद्यापीठ आहे, मोठी रुग्णालयं आहेत आणि नदी किंवा खाडी ओलांडली की दुसऱ्या राज्यातलं जोडशहर आहे: डुलुथला सुपिरियर, फार्गोला मूरहेड. जानेवारीचं सरासरी तापमानही दोन्हीकडे १० अंश फॅरनहाइटच्या आसपास, त्यामुळे ‘थंडी कुठे कमी’ हा प्रश्न सोडूनच द्यावा. मी डुलुथच्या बाजूने कौल दिला. पण फार्गोची बाजू भक्कम आहे, तर तीच आधी.

१९६० मध्ये डुलुथची लोकसंख्या १,०६,८८४ होती आणि फार्गोची ४६,६६२. २०२० च्या जनगणनेत फार्गो १,२५,९९० वर गेलं आणि डुलुथ ८६,६९७ वर आलं. डुलुथचं पोट लोहखनिज, बंदर आणि पोलाद यांवर होतं. १९१५ मध्ये सुरू झालेला पोलाद कारखाना १९७०-८० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने बंद पडला आणि माणसं निघून गेली. फार्गो शेतमाल, व्यापार, रुग्णालयं, विद्यापीठ असं चार पायांवर उभं होतं. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिथली ग्रेट प्लेन्स सॉफ्टवेअर ही कंपनी घेतली आणि संगणकाच्या नोकऱ्यांचा पाचवा पायही मिळाला. राज्याचा प्राप्तिकर नॉर्थ डकोटात मिनेसोटापेक्षा बराच कमी आहे. निव्वळ पैशाचा हिशेब मांडला तर फार्गो पुढे राहील, हे मान्य करायला हवं.

हा फरक घरांतही दिसतो. फार्गोत नवी घरं भरपूर, गॅरेज घराला चिकटून. डुलुथमध्ये घरं जुनी, म्हणून बघताना आधी माळा बघा. माळ्याचं इन्सुलेशन कमी असेल तर घरातली ऊब वर जाते, छपरावरचा बर्फ खालून वितळतो, ते पाणी वळचणीला येऊन पुन्हा गोठतं आणि बांध तयार होतो. मग मागचं पाणी छपरावरच्या शिंगल्सखाली (पातळ पट्ट्यांखाली) शिरून थेट भिंतीत उतरतं. लांब दांड्याच्या फावड्याने वळचणीकडचा तीन-चार फूट बर्फ ओढून काढणं हा तात्पुरता उपाय. खरा उपाय म्हणजे माळ्याच्या फटी बुजवून इन्सुलेशन वाढवणं.

इतिहासात दोघं एकाच रुळावरची आहेत. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचं काम १८७० मध्ये डुलुथजवळ सुरू झालं. ती रेड नदीला जिथे ओलांडणार होती तिथे १८७१ मध्ये फार्गो वसलं आणि त्याला कंपनीचे एक संचालक विल्यम फार्गो यांचं नाव मिळालं. १८७३ मध्ये रेल्वेला पैसा पुरवणारी जे कुक यांची पेढी बुडाली आणि डुलुथ इतकं रिकामं झालं की शहराचा दर्जाच गेला. तो परत मिळाला १८८७ मध्ये. फार्गोचा मध्यभाग ७ जून १८९३ च्या आगीत जळाला. आज दिसणाऱ्या जुन्या विटांच्या इमारती बहुतांशी त्यानंतरच्या.

आता भूगोल, कारण निर्णय तिथेच होतो. हिमयुगाच्या शेवटी दोन्ही ठिकाणी प्रचंड तळी होती. डुलुथ त्या तळ्याच्या काठावर वसलंय. डोंगरावरून जाणारा स्कायलाइन पार्कवे बराचसा त्याच जुन्या किनाऱ्याने जातो. फार्गो मात्र अगॅसिझ नावाच्या तळ्याच्या तळावर आहे.

तळ म्हणजे चिकणमाती आणि सपाटी. ही माती भार कसा सोसत नाही ते १९५५ मध्ये फार्गोजवळ कोसळलेल्या धान्याच्या कोठाराने दाखवलं. स्थापत्य शिकणाऱ्यांना ते उदाहरण ठाऊक असतं. त्यात रेड नदी उत्तरेकडे वाहते: दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो, उत्तरेला नदी गोठलेलीच असते आणि पाणी पसरतं. नदी १८ फुटांवर गेली की पूर मानतात. २८ मार्च २००९ ला पाणी ४०.८४ फुटांवर होतं. शहराला वळसा घालणाऱ्या सुमारे ३० मैलांच्या कालव्याचं काम हाती घेतलंय. तरी घर घेताना पूरनकाशा बघा आणि बेसमेंटमध्ये साचलेलं पाणी उपसणारा, बॅटरीवर चालणारा जादा सम्प पंप आहे का ते विचारा. वीज वादळातच जाते, आणि पंप लागतो तोही तेव्हाच.

पण माझ्यासाठी निर्णय पुराने नाही, फार्गोच्या वाऱ्याने केला. आभाळ निळं, डोक्यावर ऊन, आणि समोरच्या गाडीचे मागचे दिवे दिसत नाहीत. नवा बर्फ पडतच नसतो. शेतात आधी पडलेला कोरडा भुगा वारा उचलतो आणि रस्त्यावरून आडवा वाहवत नेतो. त्याला अडवायला ना टेकडी, ना रान. महामार्गाच्या रॅम्पवर रेल्वेसारखी फाटकं आहेत, ती खाली येतात आणि वार्‍याचा जोर उतरेपर्यंत शहराबाहेर पडणं बंद. अडकलात तर गाडीतून उतरून चालू लागू नका. इंजिन अधूनमधूनच चालवा आणि त्याआधी धुराची नळी बर्फाखाली गेली नाही ना ते बघा, नाहीतर विषारी वायू आत येतो. शहराच्या कडेच्या नव्या वस्तीत, पश्चिमेला उघडं शेत असेल तर ते शेत तुमच्या दारात येऊन साचतं. थंडीला कपडे आहेत, या वाऱ्याला नाहीत. कुणाला याची सवय होतही असेल.

डुलुथचा त्रास वेगळा आणि तोही खरा: चढ. तिथे अ‍ॅव्हेन्यू डोंगर चढतात आणि स्ट्रीट काठाला समांतर जातात, म्हणून भाड्याने घेताना पत्त्यात स्ट्रीट असलेलं बरं. हिवाळी टायर लावाच. नुसत्या फोर-व्हील ड्राइव्हने गाडी चढते, पण ब्लॅक आइसवर (रस्त्यावरच्या न दिसणाऱ्या पातळ बर्फावर) थांबत नाही. उताराकडे तोंड करून गाडी लावताना पुढची चाकं कडेच्या कठड्याकडे वळवा. रस्त्यावर गाडी लावायची बाजू दर आठवड्याला बदलते, ते विसरलात की दंड. पूर इथेही येतो, पण ओढ्यांचा. जून २०१२ च्या पावसात प्राणिसंग्रहालयातला सील वाहून थेट रस्त्यावर आला होता.

आणि मे महिना. पूर्वेचा वारा सुटला की तळ्याकाठी कोट आणि डोंगरापलीकडे अर्ध्या बाह्या, दहा मिनिटांच्या अंतरात. काठाला टोमॅटोची रोपं जूनशिवाय बाहेर काढू नयेत. उलट जानेवारीत तळं ऊब देतं: काठच्या लेकसाइड या वस्तीत वरच्या भागापेक्षा थंडी थोडी कमी, बर्फही कमी.

मिनियापोलिस डुलुथहून सुमारे १५५ मैल, फार्गोहून २३५. मेपल ग्रोव्हचं हिंदू मंदिर, किराणा, भारतात जाण्यासाठीचं विमान, सगळं तिकडेच. डुलुथचा रस्ता बराचसा झाडीतून जातो, त्यामुळे वाऱ्याची धार बोथट होते.

एक गोष्ट तराजूत टाकायची नव्हती, पण टाकतो. डुलुथच्या काठाचा खडक काळा बेसाल्ट आहे, सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. सह्याद्रीपेक्षा कितीतरी जुना, पण तसाच. लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत तयार झालेले लाल अकीक म्हणजेच अ‍ॅगेट तिथल्या गोट्यांत सापडतात. गोटा ओला करून उन्हात धरा. आरपार उजेड दिसला तर तो अ‍ॅगेट.