जी१०२ की सुपरलाइट २?

भाचा व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम खेळतो. दर वर्षी माउस बिघडतो म्हणून यंदा तो विचारतोय: लॉजिटेकचा जी१०२ घेऊ, की कितीतरी पट महागडा जी प्रो एक्स सुपरलाइट २?

त्याला म्हटलं: डीपीआयचे (माउस हलवला की कर्सर किती सरकतो त्याचे) आकडे आधी बाजूला ठेव. जी१०२ ला ८,००० आहे आणि बहुतेक खेळाडू ४०० ते १,६०० मध्येच खेळतात.

खरा प्रश्न टिकाऊपणाचा. माउस मरतो तो बहुधा डाव्या बटणाने: एकदा दाबलं की दोनदा क्लिक होतं. साध्या स्विचमधली धातूची पत्री झिजते, तिच्यावर थर चढतो आणि संपर्क थरथरतो. सुपरलाइट २ मध्ये क्लिकची नोंद प्रकाशाने होते, त्यामुळे हे दुखणं जवळजवळ संपतं. पैसे खरे इथे वसूल होतात. पण स्क्रोलचं चाक दोन्हीकडे झिजतंच, शिवाय वायरलेस सुपरलाइट २ ची बॅटरी काही वर्षांनी दमते. जी१०२ चा बिघडलेला स्विच मात्र सोल्डरिंग करणारा कारागीर थोडक्या पैशात बदलून देतो. मी असा एक माउस दुरुस्त करून घेतला, अजून चालतोय.

वजन ८५ ग्रॅमविरुद्ध ६०. रोज तीन-चार तास खेळणाऱ्या मनगटाला हा फरक कळतो.

स्पर्धा खेळत असशील, वायरचा त्रास होत असेल, तर सुपरलाइट २ घे. संध्याकाळी तासभर खेळून अभ्यासाला बसायचं असेल, तर जी१०२ घे, उरलेल्या पैशांत चांगला मॉनिटर बघ.