ध्रुवीय प्रदेशात दुहेरी वारंवारतेचा जीएनएसएस रिसीव्हर
एल-१ (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) आणि एल-५ (११७६.४५ मेगाहर्ट्झ) हे उपग्रहांचे दोन्ही संकेत घेऊन आपले स्थान ठरवणारा हा रिसीव्हर आयनांबरामुळे (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरामुळे) संकेताला होणारा विलंब जवळजवळ पुसून टाकतो, कारण तो विलंब वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने दोन मोजमापांतील फरकावरूनच काढता येतो. शांत दिवशी त्याच्याबद्दल तक्रारीला जागा नाही. खरी परीक्षा होते ती आकाशात ध्रुवीय प्रकाश पसरलेल्या रात्री. अशा वेळी आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची घनता थोड्या अंतरात झपाट्याने बदलते, वाहक लहरीची (संकेत वाहून आणणाऱ्या रेडिओ लहरीची) कला, म्हणजे तिच्या चक्रातील स्थिती, थरथरू लागते, आणि पडद्यावर पुरेसे उपग्रह दिसत असूनही एकेकाची पकड सुटत जाऊन सेंटिमीटरची अचूकता डेसिमीटरवर, कधी मीटरवर घसरते; दुसरी वारंवारता इथे फारशी कामी येत नाही. त्यात जीपीएसच्या कक्षा ५५ अंशांनी कललेल्या असल्यामुळे ध्रुवावर त्यांचा एकही उपग्रह डोक्यावर येत नाही. ६४.८ अंशांच्या कक्षांतील ग्लोनास (रशियाची उपग्रहप्रणाली) ही उणीव काहीशी भरून काढतो, म्हणून तो पर्याय चालू ठेवावाच. सर्वेक्षणासाठी हे उपकरण घेण्यास हरकत नाही, मात्र कलेची अस्थिरता नोंदवण्याची सोय उत्पादकाने का दिली नाही, हे अनाकलनीय आहे. ती असती तर बिघडलेली मोजमापे नंतर वेगळी काढता आली असती.