ऐरोलीचं जैवविविधता केंद्र: आठ महिन्यांनंतर

आम्ही ऐरोलीत अकरा वर्षं राहतो. दिवा जेट्टीजवळचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, तरी पहिल्यांदा गेलो ते गेल्या नोव्हेंबरात, पाहुणे आले म्हणून. फ्लेमिंगो बघायचे, होडीत बसायचं, फोटो काढायचे एवढंच मनात होतं. त्या दिवशी पक्षी थोडेच दिसले. पाहुणे ‘छान आहे’ म्हणाले आणि विषय संपला. त्यानंतर आम्ही पंधरा-सोळा वेळा तरी गेलोय, म्हणून हे लिहितेय.

वारंवार जायचं कारण माझे सासरे. नानांचं आयुष्य रत्नागिरीकडे खाडीकाठच्या गावात गेलं. गेल्या वर्षी ते इकडे आले आणि चौथ्या मजल्यावर गप्प गप्प बसू लागले. केंद्रातल्या कांदळवनातून जाणाऱ्या लाकडी वाटेवर त्यांनी खाली चिखलात पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, “अगं, निवट्या!” म्हणजे चिखलावर सरपटणारे, उड्या मारणारे छोटे मासे. कित्येक आठवड्यांत मी त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

भरती-ओहोटीचं गणित त्यांनीच शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ठाण्याच्या खाडीत एवढं आत पाणी यायला थोडा वेळ लागतो, तो वरून धरायचा. होडीला पाणी लागतं, म्हणून फेऱ्या भरतीप्रमाणे ठरतात आणि त्यांच्या वेळा रोज सरकतात. बुकिंग करताना हे लक्षात ठेवा. निवट्या, खेकडे, चिखलात चोच खुपसणारे तुतवार पाहायचे असतील तर मात्र ओहोटी हवी. होडीचं तिकीट मिळालं नाही म्हणून हिरमुसून परतणारी माणसं मी दर रविवारी पाहते. त्यांनी त्या लाकडी वाटेवर अर्धा तास नुसतं उभं राहून बघावं. आतल्या दालनात देवमाशाचा सांगाडा आहे, मुलं तिथून हलत नाहीत.

माझी मुलगी पाचवीत आहे. ‘वनस्पतींचे अनुकूलन’ हा धडा तिने घोकून पाठ केला होता. इथे तिवर या कांदळवनातल्या झाडाच्या पानावर बोट फिरवून तिने जिभेला लावलं. खारट! मुळांनी ओढलेलं जादा मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकतं. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली टोकं म्हणजे झाडाची श्वास घेणारी मुळं. मार्चमध्ये होडीतून हजारो रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दिसले, तेव्हा तिने विचारलं की त्यांतले काही राखाडी का? ते अजून पूर्ण वाढ न झालेले पक्षी. गुलाबी रंग शेवाळ आणि कोळंबीसारख्या बारीक जिवांच्या खाण्यातून हळूहळू चढतो. त्यांच्या शाळेची सहल यंदा मॉलमधल्या गेम झोनला गेली. मला फार वाईट वाटलं.

वनविभागाच्या कांदळवन कक्षाने जर्मनीच्या जीआयझेड या संस्थेच्या मदतीने २०१७ मध्ये हे केंद्र सुरू केलं. समोरच्या खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तो जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. इतकी वर्षं मला ही खाडी म्हणजे फक्त वास वाटायची. संध्याकाळी वास सुटला की खिडक्या लावायच्या. आता वास आला की मुलगी सांगते, “ओहोटी लागली.”

मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत एकांनी तिवरांमुळे डास होतात, झाडं छाटायला अर्ज करू या असं सुचवलं. एरवी मी सभेत बोलत नाही. त्या दिवशी उठून सांगितलं की कांदळवन तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच बंदी घातली आहे, आणि आधी आपल्या गच्चीवरच्या उघड्या टाक्या झाकू या. टाक्या झाकल्या गेल्या.

एका गोष्टीने मात्र दर वेळी जीव तुटतो. भरतीबरोबर प्लास्टिक येतं आणि त्या मुळांमध्ये अडकतं. पिशव्या, थर्माकोल, निर्माल्याच्या गाठोड्या. खाडीच्या दोन्ही काठांवर राहणाऱ्या आपणा सगळ्यांचाच तो कचरा. आमच्या घरचं निर्माल्य आता कुंडीत जातं. नानांनी स्वतःहून ते सुरू केलं.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी: टोपी आणि पाणी बरोबर ठेवा, आणि होडीत फोनवर गाणी लावू नका. पक्षी उडतात आणि मागच्या होडीतल्यांना काहीच दिसत नाही.

सध्या पाऊस आहे, रोहित गेलेत, होड्या बंद आहेत. काल मुलीने भिंतीवरची दिनदर्शिका काढून हिशेब केला. रविवारी षष्ठी, भरती दुपारी साडेचारला, म्हणजे त्याआधी सव्वासहा तास, सकाळी सव्वादहाच्या सुमारास ओहोटी. “आत अर्धा तास उशीर धर,” नाना म्हणाले. दहाला निघायचं ठरलंय.