गूगल डॉक्स वर्गात: एकत्र लिहिण्यापेक्षा खर्डे पाहण्यासाठी

निबंध आणि गटप्रकल्प यांसाठी गूगल डॉक्स वर्गात नियमितपणे वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की, ज्या सोयीसाठी हे साधन ओळखले जाते, ती म्हणजे अनेकांनी एकाच वेळी एकाच मजकुरावर लिहिण्याची सोय, शिक्षकाच्या सर्वांत कमी कामाची आहे. एका दस्तऐवजात एका वेळी 100 जणांना बदल करता येतात हे खरे. पण तीस कर्सर एका पानावर नाचू लागले की लिहिणे बाजूला राहते आणि कोणाचे नाव कुठे फिरते आहे हे पाहण्यातच तास संपतो. चौघांच्या गटात मात्र काम नीट चालते, तेही परिच्छेद आधी वाटून घेतले असतील तर.

खरा उपयोग आहे तो व्हर्जन हिस्ट्रीचा, म्हणजे मजकुराच्या जुन्या आवृत्त्यांच्या नोंदीचा. वहीतून शिक्षकाच्या हाती बहुधा शेवटी सुवाच्य अक्षरात उतरवलेला निबंध येतो; येथे पहिल्या खर्ड्याची सुरुवात कशी होती, कोणता परिच्छेद गाळला, कोणते वाक्य बदलून पुन्हा मूळपदावर आणले, हेही पाहता येते आणि विद्यार्थ्याशी त्या निर्णयांविषयी बोलता येते. प्रत्येक खर्डा संपल्यावर त्या आवृत्तीला नाव द्यायला मी सांगतो, कारण मधल्या बारीकसारीक आवृत्त्या पुढे एकत्र केल्या जाऊ शकतात. एकदा घाईत मीच लिंकला केवळ पाहण्याऐवजी संपादनाची परवानगी देऊन बसलो आणि कोणाच्या तरी हातून अर्धा मजकूर पुसला गेला. जुनी आवृत्ती परत आणायला दोन मिनिटेही लागली नाहीत.

तरीही हा इतिहास म्हणजे पुरावा नव्हे. चौघे मिळून वाक्य जुळवतात आणि एकच जण टंकतो, तेव्हा सगळे श्रेय टंकणाऱ्याच्या नावावर जमा होते. अन्यत्र लिहून येथे चिकटवलेला निबंध एका क्षणात अवतरल्यासारखा दिसतो, पण तेवढ्यावरून नकलेचा ठपका ठेवणे अन्यायाचे ठरेल.

सजेस्टिंग मोडविषयी माझी तक्रार आहे. शिक्षकाने सुचवलेली दुरुस्ती एका क्लिकने स्वीकारता येते आणि नेमकी म्हणूनच ती न वाचता स्वीकारली जाते. पुढच्या निबंधात तीच चूक पुन्हा भेटीला येते. त्यामुळे आता मी मजकुराला हात न लावता समासात केवळ कॉमेंट लिहितो. ‘या वाक्याचा कर्ता कोण?’ असे विचारले की विद्यार्थ्याला वाक्याकडे परत जावेच लागते. अर्थात यात शिक्षकाचा वेळ अधिक जातो.

2014 साली आलेल्या गूगल क्लासरूमची, म्हणजे वर्गाला काम देण्याच्या आणि ते जमा करून घेण्याच्या साधनाची, जोड दिल्यास प्रत्येकाला स्वतंत्र प्रत आपोआप मिळते आणि काम जमा केल्यावर, ते परत मिळेपर्यंत किंवा विद्यार्थ्याने स्वतः मागे घेईपर्यंत, त्यात बदल करता येत नाही. केवळ तासाभराच्या सामूहिक टिपणासाठी मात्र मी अजूनही 2008 पासूनचे ईथरपॅड हे एकत्र लिहिण्याचे साधेसुधे साधन उघडतो: सहसा खाते काढावे लागत नाही आणि कोणी काय लिहिले हे अक्षरांमागच्या रंगावरूनच कळते.